चूल, धूर आणि माळ्यावरील दप्तरें

जुन्या वाड्यांतून व खेड्यांतील घरांतून दप्तरें धुंडाळणारांस एक गोष्ट वारंवार आढळते. कागदांचें बासन देवघरांत किंवा सोप्यांत न सांपडतां स्वयंपाकघराच्या माळ्यावर, अगदीं चुलीच्या डोक्यावर, सांपडतें. घरधन्यास विचारलें तर तो सांगतो कीं, धुरानें कसर लागत नाहीं. हें म्हणणें निम्में खरें आहे. उरलेलें निम्में समजण्यासाठीं संग्राहकास चुलीचें थोडें ज्ञान असणें जरूर आहे, असें आम्हांस वाटतें.

लांकूड तापलें म्हणजे त्यांतून वाफारे निघतात. ते पेटले कीं ज्योत होते व मागें कोळसा राहतो. वाफाऱ्यांस पुरेशी हवा व पुरेशी आंच मिळाली तर ते बहुतेक जळून जातात. न मिळाल्यास तेच निवून धूर, काजळी व डांबर या रूपांनीं वाशांस, आढ्यास आणि दप्तरास चिकटतात. सबब, माळ्यावर धूर फार कोंडत असेल तर चुलींत अगर धुराच्या वाटेंत कांहीं बिघाड आहे असें खुशाल समजावें.

बिघाडांत पहिला मान ओल्या सरपणाचा. नुकत्या तोडलेल्या लांकडांत वजनाच्या जवळजवळ निम्में पाणी असूं शकतें व तें आटविण्यांतच आंच खर्च होते. फोडून, उन्हाळाभर वाळवून आडोशास रचलेलें सरपणच वापरावें. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत वाजल्या म्हणजे लांकूड वाळलें. दुसरें कारण राख. चुलीचें पोट राखेनें भरलें कीं लांकडांखालून हवा खेळत नाहीं. ती रोज काढावी, तळाशीं बोटभर ठेवण्यास हरकत नाहीं. वैलाच्या चुलींत मुख्य चुलींतील आंच ज्या आडव्या भोंकानें वैलाकडे जाते, तें भोंक राख व काजळी यांनीं बुजतें आणि धूर तोंडावाटे परततो. अशा वेळीं फुंकणी घेऊन डोळे लाल करण्यापेक्षां सळईनें भोंक मोकळें करावें. चुलीस चिरा पडल्यास माती, शेण व भुसा यांच्या लगद्यानें बुजवून सावकाश वाळूं द्याव्या. सिमेंट तेथें टिकत नाहीं, आंचेनें तडकतें. (चूल पेटवण्यासाठीं जुनी रद्दी वापरण्याच्या चालीनें किती कागद गेले असतील त्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाहीं, वाळल्या काटक्या त्या कामास उत्तम.)

धुरास बाहेर जाण्यास वाटही पाहिजे. देशावरील माळवदास साणें, म्हणजे छतांतील झरोका, असतें. कोंकणांत धूर कौलांच्या फटींतून निघून जातो. पावसाळ्यांत साण्यावर घातलेलें झांकण पुढें तसेंच राहतें, किंवा कौलांच्या जागीं पत्रे येतात, आणि धूर माळ्यावर कोंडूं लागतो. वर्ध्याच्या मगनवाडींत 1947 च्या सुमारास प्रसृत झालेल्या मगनचुलीनें हा प्रश्न धुराडें जोडून सोडविला. मात्र धुराडें म्हणजे नवें काम. तें आढ्याच्या वर दोन-तीन फूट नसेल तर वारा धूर परत लोटतो. आंत डांबर सांचूं दिलें तर एखादे दिवशीं तेंच पेट घेतें. काथ्याचा बोळा वजनासह दोरीस बांधून तें वरचेवर, निदान पावसाळ्यापूर्वीं व नंतर, झाडावें. झाडण्यापूर्वीं दप्तर माळ्यावरून उतरवावें, हें सांगणें न लगे.

आतां कागदांविषयीं. चुलीवरचीं दप्तरें टिकलीं त्याचें श्रेय धुरापेक्षां उबेस व कोरडेपणास अधिक, असें आमचें मत आहे. धुरांत सिरक्यासारखीं आम्लें असतात व तीं कालांतरानें जुन्नरी काय किंवा दौलताबादी काय, कोणत्याही कागदास ठिसूळ करतात. रुमालाचे बाहेरचे पदर तीं पुष्कळशीं शोषून घेतात, म्हणून आंतील पत्रें बचावतात. पण चूल बंद होऊन घरांत गॅस आला कीं ऊब जाते, पावसाळ्याची ओल माळ्यावर ठरते, आणि धुरानें न खाल्लेलें दप्तर कसर व वाळवी खातात. घरीं गॅस आल्याचें कळतांच संग्राहकानें तेथें जावें, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

उतरविलेला रुमाल ओटीवर, वारा नसतांना सोडावा. येथें एक विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आपली जुनी शाई काजळ व डिंक यांची. पानावर बसलेली काजळी व पानावरील अक्षर हीं एकाच कुळांतलीं. काजळी नाहींशी करील असें द्रव्य अक्षरासही सोडणार नाहीं, आणि डिंक पाण्यांत विरघळत असल्यामुळें ओल्या फडक्यानें आधीं मोडी पुसली जाईल. मऊ कोरड्या कुंचल्यानें सुटी धूळ झाडावी; राहिलेली काजळी कोरड्या रबरी स्पंजानें, न घांसतां, टेकून टेकून उचलावी. अक्षरांवर स्पंज मुळींच लावूं नये, समासापुरताच लावावा. डांबराचे चिकट डाग मात्र तसेच राहूं द्यावे; वाचनास त्यांची अडचण क्वचितच होते.