डच जत्रेतील पोफर्त्येस

नेदरलँड्स हा युरोपातील छोटा देश. तेथील लोकांना डच म्हणतात. त्यांच्या जत्रेत एक दुकान हमखास असते. तेथे बिडाच्या मोठ्या तव्यावर उथळ खळगे असतात. दुकानदार त्यांत पीठ ओततो आणि काट्याने भराभर उलटतो. हेच पोफर्त्येस! लहान, गुबगुबीत, मऊ.

मुलांनो, हा खाऊ घरीही होतो. खळग्यांचा तवा कोठून आणायचा? आपले आप्पेपात्र आहे ना!

एक वाटी मैदा व एक वाटी कुट्टूचे पीठ घ्या. नुसता मैदाही चालेल, पण ती खमंग चव येणार नाही. त्यात एक छोटा चमचा कोरडे यीस्ट, चिमूटभर मीठ, एक अंडे व पावणेदोन वाट्या दूध घालून फेटा.

दूध मात्र कोमटच हवे. यीस्ट म्हणजे नान फुगवणारे खमीर. ते सजीव असते. फार गरम दुधात ते मरते, थंड दुधात सुस्त होते. कोमट दुधात ते पिठातील साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. तासाभरात पिठावर बुडबुडे दिसतील. दिसले नाहीत तर आणखी थोडा वेळ थांबा.

आता पात्र तापवून लोणी लावा. आपले खळगे खोल असतात, म्हणून ते अर्धेच भरा. नाहीतर आत पीठ कच्चे राहील. वरची बाजू सुकू लागली की उलटा. शेगडीजवळ घरातील मोठे माणूस हवेच.

डच लोक गरम पोफर्त्येसवर लोण्याचा तुकडा ठेवून पिठीसाखर भुरभुरतात. पिठात साखर घातलेली नाही, तेव्हा वरून घालताना हात आखडू नका.