पंप बदलला म्हणजे काय बदलले?

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या रासायनिक कारखान्यात शिरले, की पंपांना तारेने बांधलेल्या पत्र्याच्या चकत्या दिसतात. त्यांतल्या एकीवर, समजा, 'पी-१०१' असे कोरलेले आहे. बेअरिंग आवाज करू लागले म्हणून फिटर तो पंप उतरवतो, त्याच्या जागी स्टोअरमधला दुसरा बसवून चकती त्याच्या गळ्यात अडकवतो. आणि दोन महिन्यांनी पहिला पंप दुरुस्त होऊन आला, की तो 'पी-१०२' च्या जागी उभा राहतो. आता बेअरिंग बदलल्याची नोंद कोणाच्या खाती घालावी, 'पी-१०१' या जागेच्या, की त्या यंत्राच्या?

आपल्या जुन्या दफ्तरदारांना हा पेच पडला नसता. मामलेदाराची बदली झाली म्हणून मामलत हलत नाही, तिची दफ्तरे कचेरीतच राहतात. त्या गृहस्थाचे सेवापुस्तक मात्र त्याच्या मागोमाग नव्या तालुक्याला जाते. संगणकाला हे तारतम्य उपजत नसते. आरेखन विभागाने जागेला, खरेदी खात्याने नमुन्याला आणि स्टोअरने नगाला, अशा तिघांनीही निरनिराळ्या गोष्टींना 'पंप'च म्हटले, तर तिन्ही नोंदींची खिचडी होते. ती होऊ नये म्हणून कोणकोणत्या जातीच्या वस्तू आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, याचा यंत्रालाही वाचता येईल असा जो काटेकोर मसुदा आधी मुक्रर करतात, त्यास ऑन्टॉलॉजी म्हणतात. अशा कारखान्यांच्या उभारणीपासून अखेरपर्यंतच्या माहितीसाठी केलेल्या आयएसओ १५९२६ या मानकाच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात नेमका हाच भेद आहे: जागा निराळी, तेथे काही काळ बसलेले यंत्र निराळे.

नाव ग्रीक असले, तरी विचार आपल्याला परका नाही. द्रव्य, गुण, कर्म असे पदार्थ मोजणाऱ्या वैशेषिकांनी तंतू आणि पट यांचा संबंध 'समवाय' ठरवला होता. मात्र एक तंतू निघाला, की जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न होते, हे त्यांचे मत कारखान्यात चालवू म्हटले, तर दर बेअरिंगगणिक पंपाला नवा अनुक्रमांक द्यावा लागेल! कोणता अवयव बदलला तरी पंप तोच राहतो आणि कोणता बदलल्यावर तो दुसरा होतो, हे कोणीतरी ठरवावेच लागते. आणि ते ठरवताना, माझ्या मते, संगणकतज्ज्ञाच्या आधी फिटरला विचारावे, कारण पंप भंगाराच्या काट्यावर चढण्यापूर्वी तार सोडवून चकती खिशात घालणारा तोच असतो.