काजव्यांचा फोटो निघतो का हो?

आमच्याकडे कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, बाईंचे खाडे, सगळं त्यावरच. त्याच्या जोडीला मे आणि जूनच्या पानांवर गेली काही वर्षं मी आणखी एक खूण करते. अमावास्येभोवती लाल गोल! सासूबाईंनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, सुनेनं कसलंतरी व्रत धरलंय. तसं म्हटलं तर व्रतच ते, पण काजव्यांचं.

लोणावळ्याहून राजमाची पंधरा-सोळा किलोमीटर. तुंगार्लीच्या बाजूनं जंगलातून जाणारा खडबडीत रस्ता. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आणि त्यांच्या पायथ्याशी उधेवाडी. मे संपता संपता वळवाचे दोन-चार शिडकावे झाले, की इथल्या रानात काजवे चमकू लागतात, ते पावसानं नीट ठाण मांडेपर्यंत. म्हणजे दोन-तीन आठवड्यांचा सगळा खेळ. त्यात चांदणं असेल तर कॅमेऱ्याला काजवे फिके दिसतात, म्हणून अमावास्या बघायची. आता तीन आठवड्यांत अमावास्या येणार एखादीच, त्या रात्री पाऊस नको, वारा नको आणि घरी कुणाचं लग्नकार्यही नको. सांगा बरं, कसं जमायचं?

मुलगा नोकरीला बंगलोरला गेला आणि त्याचा कॅमेरा नि तिपाई कपाटात पडून राहिली. लोणावळ्याचा पावसाळा तुम्हांला ठाऊक आहेच. पापड सादळतात तशी कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते. वापरला नाही तर वाया जाईल, ह्या काटकसरीच्या विचारानं मी तो बाहेर काढला. (औषधांच्या बाटल्यांतून आणि नव्या पर्समधून निघणाऱ्या त्या सिलिकाच्या पुड्या फेकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या घालून कॅमेरा ठेवला तर बुरशीची भीती पुष्कळ कमी होते. मुलांच्या हाताला मात्र लागू देऊ नका.)

पहिला प्रयत्न २०२३ साली. १७ जून, अमावास्या आणि नेमका शनिवार! उधेवाडीत एका मावशींच्या घरी उतरलो. संध्याकाळपर्यंत अंगणाबाहेर गाड्यांची रांग लागली. आठच्या सुमाराला गोठ्यामागच्या बेहड्यावर पहिला ठिपका लुकलुकला, मग दुसरा, आणि मी घाईघाईनं कॅमेरा रोखला. पण काळोखात कॅमेऱ्याला काही दिसेना. त्याचं भिंग नुसतं पुढेमागे घुरघुरत राहिलं. हातानं जुळवावं तर मलाही दिसेना. शेवटी अंदाजानं ठेवलं. काजव्याचा उजेड तो केवढासा, म्हणून पडदा तीस-तीस सेकंद उघडा ठेवावा लागतो. आणि एकोणतिसाव्या सेकंदाला कुणीतरी बॅटरी मारायचं! नाहीतर वळणावरून जीपचे दिवे यायचे. कुणी मोबाइलचा फ्लॅश मारून काजव्यांचा फोटो काढत होतं. त्या फोटोत झाडाचं पान येईल, काजवा कसा येणार? घरी येऊन पाहते तो चाळीस-बेचाळीस फोटोंत पांढरे फराटे आणि धुरकट भोपळे. हे म्हणाले, “बेहड्याचा आत्मा दिसतोय.” मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

त्या रागातच काजव्यांविषयी वाचू लागले. काजवा हा भुंग्यांच्या जातकुळीतला किडा. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन प्रकाश पडतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. अळी असताना तो ओल्या मातीत, पालापाचोळ्यात कित्येक महिने काढतो आणि गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर मात्र आयुष्य थोड्याच दिवसांचं. नर चमकून हाक घालतो, पानावर नाहीतर गवतात बसलेली मादी चमकूनच ओ देते. काही जातींत तर मादीला पंखच नसतात, बसल्या जागेवरून उत्तर देणं एवढंच तिच्या हाती. मध्ये झगझगीत उजेड आला की ना हाक दिसत, ना उत्तर. म्हणजे त्या शनिवारी एकट्या माझाच विरस झाला नव्हता तर!

२०२४ साली शहाणपण आलं होतं. ५ जून, बुधवार. उजेड असतानाच झाडावर भिंग जुळवून घेतलं आणि त्याची कडी हलू नये म्हणून चिकटपट्टी लावून टाकली. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद दोन घड्या करून बांधला. मावशींना भीतभीतच विचारलं, “ओसरीवरचा दिवा तासभर बंद ठेवाल का?” त्यांनी तो घालवला खरा, पण म्हणाल्या, “शनवारी न्हाई जमायचं बगा. पाव्हणी अंधाराला भ्येत्यात, दिवा लावा म्हून मागं लागत्यात.”

मग मी, हे आणि डास. वीस सेकंदांचा एक, असे तासभर फोटो घेत राहिले. बटण दाबलं की करण्यासारखं काहीच उरत नाही, म्हणून मान वर करून बघत बसले. आधी कुठं कुठं चमकत होते ते हळूहळू एका तालावर आले. एका फांदीवर लखकन उजेड, तो विझतो तोच पुढच्या फांदीवर. सारं झाड श्वास घेतंय असं वाटावं. ह्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही, आणि हे सहसा घडत नाही!

घरी मुलानं फोनवरून शिकवल्याप्रमाणे संगणकावर साठ-सत्तर फोटो एकावर एक चढवले. पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवावेत तसं. झाड काजव्यांनी नुसतं लखलखून गेलं. भिशीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. दिवाळीनंतर त्याची मोठी प्रत काढून मावशींना द्यायला गेले. त्यांनी हात पुसून फोटो उजेडाकडे धरला. “आवं, ह्यो तर आमच्या गोठ्यामागचा बेहडा!” लहान पोरीसारख्या हरखल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, “पर येवढं काजवं एका टायमाला कुठं दिसत्यात? एक इझतो तवा दुसरा पेटतो.”

काय बोलणार? खरंच होतं त्यांचं. तो फोटो तासाभराचे काजवे एका क्षणात दाखवत होता. असेच फोटो बघून लोक शनिवारी गाड्या भरून येतात, इथं आल्यावर त्यांना ते कमी वाटतात आणि मग बॅटऱ्या मारून शोधाशोध सुरू होते. लोकांनी येऊच नये असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? ह्या तीन आठवड्यांच्या पिठल्याभाकरीवर मावशींच्या नातवंडांची वह्या-पुस्तकं होतात. त्यांनीच सांगितलं हे, आणि त्या तक्रारीनं बोलत नव्हत्या. मी मात्र तेव्हापासून एकावर एक चढवणं सोडलं. दिवाणखान्यात आता त्यातलाच वीस सेकंदांचा एक फोटो लावलाय. काळं झाड आणि मोजून अकरा ठिपके. पाहुणे विचारतात, हा कसला फोटो?

२०२५ साली अमावास्या २६ मेच्या रात्री होती. बॅग भरून ठेवली होती, आणि पाऊस त्याच दिवशी मुंबई-पुण्यात दाखल झाला. मुंबईत तर तो इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. जावं की न जावं करत दोन दिवसांनी गेलोच. रात्रभर पत्र्यावर ताशा वाजत होता, कॅमेरा डब्यातून निघालाच नाही. मावशींनी न सांगताच ओसरीवरचा दिवा घालवला होता. पावसाला चुकवून एक काजवा आत आला आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या ओल्या पदरावर बसला. बराच वेळ चमकत होता. मावशी म्हणाल्या, “काढा की फोटू.” मी म्हटलं, “राहू दे, उडून जाईल.”