सौंदडची सपरी

मंडईच्या दिवसांत सौंदडसारख्या गावात कोणाचा पाहुणा कोणाच्या घरी झोपला, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. दिवसा दुकानं आणि दंडारीचं लोकनाट्य, रात्री नाटक. सासरी गेलेल्या लेकी लेकरं घेऊन येतात, जावई येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरेही येतात. इतकी माणसं एका घरात मावणं शक्यच नसतं. मग शेजारच्या सपरीत बाजा टाकल्या जातात, पलीकडून चादरी येतात, तिसऱ्या घरचं मोठं गंज चुलीवर चढतं. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. ते पाहून डोळे चोळत आलेल्या पाहुण्याला ज्या घरात जागा मिळाली तिथल्या माणसांना त्याचं नावही ठाऊक नसतं. तरी चहा तिथंच होतो, आणि ‘जेवूनच जा जी’ हा आग्रहही तिथंच.

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातलं गाव. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, आणि जवळची साकोली आजही भंडाऱ्यातच आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग इथूनच जातो. आधी तो क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर गावाचं स्वतःचं स्टेशन आहे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात ही छोटी लाइन होती, नव्वदच्या दशकात ती मोठी झाली. सडक आणि रेल्वे दोन्ही हाताशी असल्यामुळे गाव नुसतं शेतीचं राहिलं नाही. लोहिया विद्यालयात आसपासच्या खेड्यांतली मुलं येतात. दुकानदार, मास्तर, ड्रायव्हर, रोज गोंदियाला ये-जा करणारे नोकरदार असे सगळे इथं राहतात. ग्रामपंचायतीचं गाव असूनही त्याला छोट्या शहराचा घाट आला आहे. पण राहणं मात्र मोहल्ल्याचंच आहे, आणि मोहल्ल्याचा सगळा कारभार चालतो सपरीतून.

सपरी म्हणजे घराच्या दर्शनी बाजूची, रस्त्याकडून उघडी पडवी. मातीची भिंत, वर कवेलू, पुढे चार-सहा लाकडी खांब, खाली शेणानं सारवलेली जमीन. एका कोपऱ्यात बाज, खुंटीला छत्री आणि विळा, आढ्याला लटकवलेली बियाण्याच्या मक्याची कणसं. सपरी घरमालकाची असते, पण तिथं बसायला कोणी त्याला विचारत नाही. पावसाची सर आली तर रस्त्यानं जाणारा सरळ सपरीत शिरतो. पोस्टमन पत्र तिथं ठेवतो, आशाताई बाळांचं वजन तिथं करते, बचत गटाची बैठक तिथं भरते, शाळकरी पोरं दुपारी तिथंच गणितं सोडवतात. दार लावलेलं असलं तरी सपरी उघडीच. घरात जायचं तर बोलावणं लागतं, सपरीत यायला लागत नाही. एवढ्या एका सोयीमुळे कितीतरी माणसं एकटी पडायची वाचतात, असं मला मनापासून वाटतं. नवरा गेलेली म्हातारी दिवसभर सपरीत तांदूळ निवडत बसली, तर संध्याकाळपर्यंत निदान दहा जणांनी तिला ‘जेवली का वो माय?’ विचारलेलं असतं. ती एक दिवस दिसली नाही, तर दुपारच्या आत कोणीतरी आत डोकावून येतं.

हा जिव्हाळा आभाळातून पडलेला नाही. त्याच्या मुळाशी धान आहे. मृगाच्या पावसावर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकले की तीन-चार आठवड्यांत ते उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, रोवावे लागतात. रोप वयात जास्त झालं की त्याला फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. म्हणजे बांधीत पाणी, चिखल तयार आणि रोप वेळेचं, या तिन्ही गोष्टी जुळतात ते दिवस थोडेच. नेमक्या त्याच दिवसांत अख्ख्या गावाला हात हवे असतात. एकट्या घराला एकराची रोवणी वेळेत उरकता येत नाही. म्हणून आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. मजुरीची रोवणी असली तरी बायांची टोळी मोहल्ल्यातलीच. कोणाच्या घरी लेकरू लहान आहे, कोणाची कंबर दुखते, हे टोळीला माहीत असतं. जिला वाकवत नाही ती धुऱ्यावर बसून पेंढ्या पुरवते. आषाढात चिखलात एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून दिवस काढलेल्या बाया श्रावणात अनोळखी राहूच शकत नाहीत.

पाण्याचंही तसंच. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले, तलाव आहेत, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचं कसब मोठं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं सांगितला जातो, आणि तो इथून फार लांब नाही. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी, कोणाच्या नंतर, हे गावात बसून ठरायचं. पाळीची डागडुजी सगळ्यांनी मिळून व्हायची. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवरची ती वहिवाट हळूहळू सैल झाली. कितीतरी तलाव गाळानं भरत गेले. मालगुजाराचा जुलूम गेला हे चांगलंच झालं. पण त्याच्याबरोबर पाण्याभोवती बसून बोलायची सवयही गेली, याची हळहळ वाटते.

रानाचा धाक हेही एक कारण आहे. एकीकडे नवेगाव, दुसरीकडे नागझिरा. २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला आणि बिबट्याला गावाची शीव कळत नाही. उन्हाळा लागता लागता मोहफुलं पडू लागतात, आणि ती वेचायला उजाडायच्या आधीच निघावं लागतं, कारण ऊन चढलं की गुरं आणि रानडुकरं फुलं फस्त करतात. वाकून फूल वेचणारा माणूस लांबून चार पायांचा दिसतो, आणि हल्ले बहुधा अशाच वेळी होतात. म्हणून एकट्यानं कोणी जात नाही. अंधारातच शेजारचं कवाड वाजतं, ‘चाल गा, निघू’ अशी हाक येते, आणि चार-पाच घरांच्या टोपल्या एकदम निघतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायलाही अशीच सोबत लागते.

लग्नघरी तर मोहल्ल्याची सगळी रीत एका दिवसात पाहायला मिळते. मांडवाच्या दिवशी सकाळीच गडी माणसं जांभळीच्या हिरव्या फांद्या आणतात. खड्डे खणायला कोण, खांब उभे करायला कोण, वर चढून डहाळ्या पसरायला कोण, हे कोणी वाटून देत नाही. ज्याला जे जमतं तो ते धरतो. बाया एकीकडे हळद कुटतात, दुसरीकडे ढीगभर वांगी चिरतात. शेजारच्या घरांना चूलबंद आवतन असतं, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी मांडवात जेवायचं. भांडी चार घरांची आलेली असतात. ती ओळखू यावीत म्हणून प्रत्येकावर नाव कोरलेलं असतं, तरी आठ दिवस कोणाचा झारा कोणाकडे याची शोधाशोध चालते. मातीच्या दिवशीही हेच शेजारी पुढे होतात. ज्या घरातलं माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं, आणि दुःखातल्या माणसाला दोन घास खाऊ घातल्याशिवाय कोणी उठत नाही.

पोरांचा हक्काचा सण तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून, ओढत, पोरं घरोघर फिरतात. प्रत्येक सपरीत नंदीची पूजा होते आणि पोराच्या हातावर बोजारा पडतो. पाच रुपये असोत की पन्नास, लहान पोराला त्या दिवशी मोहल्ल्यातली सगळी घरं तोंडपाठ होतात. शेजाराची यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. या भागातली जुनी गावं जातीजातींच्या टोल्यांनी वसली. सपरी सगळ्यांना उघडी, असं म्हणताना ती सगळ्यांना सारखी उघडी कधीच नव्हती, हेही म्हटलं पाहिजे. कोणी बाजेवर बसायचं आणि कोणी खाली, हे अनेक पिढ्या ठरलेलं होतं. शाळेनं, स्टेशनानं आणि बाबासाहेबांच्या चळवळीनं त्यातलं बरंच मोडलं. आता १४ एप्रिलला निळ्या झेंड्यांची मिरवणूक मुख्य रस्त्यानं जाते. जे अजून मोडायचं आहे ते मोडल्याशिवाय शेजाराचं कौतुक पुरं होत नाही. आणि ज्या सपरीत सगळं कळतं तिथं लपत काहीच नाही, याचाही काच असतो. मुलगी कोणाशी बोलली, सून किती वाजता उठली, यावर रस्त्यापलीकडून नजर असते. शिकलेल्या पोरींना नागपूर-पुण्याची भाड्याची खोली मोकळी वाटते ती उगाच नाही.

तरी मंडईला त्याच पोरी सुटी काढून येतात. झाडीपट्टीच्या नाटकाचं माहेर वडसा, म्हणजे देसाईगंज, आणि ते याच लोहमार्गावर पुढे आहे. तिथल्या नाटक कंपन्या दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव फिरतात. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या घराघरांत आनंद झाला. नाटक आणण्याची जबाबदारी मोहल्ल्यातल्या मंडळाची. कंपनी ठरवायची, शामियाना उभारायचा, तिकिटं खपवायची. कलावंतांचं जेवण कोणाच्या तरी घरी, तोंड रंगवायला बसायची सोय कोणाच्या तरी सपरीत. नाटक बुडालं तर तोटा मंडळाच्या पोरांच्या खिशाला. असं पदरमोड करून काम करणं मोठ्या शहरातल्या कुठल्या सोसायटीत आज उरलं असेल?

काळ बदलतो आहे. धान कापायला हार्वेस्टर येतो आणि महिन्याचं काम दिवसावर आणतो. तरुण पोरं बाहेर राहतात. महामार्ग चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला. आणि घरं बदलली. माकडं कवेलू फोडतात, दर पावसाळ्याआधी घर शाकारायला आता माणूस मिळत नाही, म्हणून स्लॅबचं घर हवं असतं आणि ते रास्तच आहे. अडचण पुढेच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचा किमान आकार स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर. एवढ्यात एक खोली, एक स्वयंपाकघर बसतं. सपरी बसवायची कुठे? म्हणून अनुदानाच्या पैशात घर झालं की लोक पदरचे पैसे घालून पुढे लोखंडी पाइप रोवतात, वर टिनाचे पत्रे टाकतात आणि खाली बाज मांडतात. हा वाढीव खर्च हौसेचा नाही. पूर्व विदर्भासाठी घरकुलाचा नकाशा काढताना सपरी घराचाच भाग म्हणून धरावी आणि तिचा खर्च अनुदानात घ्यावा. ग्रामसभेत हा विषय मांडायला सौंदडसारखं दुसरं गाव नाही.