शल्यविशारदाची दुसरी उमेदवारी

दहा-बारा वर्षे उमेदवारी करून जो पेढीचा मुनीम झाला, त्याला पुन्हा पहिल्या दिवसापासून तराजू धरायला सांगितले तर तो धरील काय? हृदयशस्त्रक्रियेच्या क्षेत्रात आज हे घडत आहे. आपल्याकडे साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस., तीन वर्षांचे एम.एस. आणि आणखी तीन वर्षांचे एम.सीएच. पार केल्यावर मनुष्य हृदयशल्यविशारद होतो, तेव्हा त्याने तिशी गाठलेली असते. अमेरिकेतही ही वाट अशीच लांबलचक आहे. तरीही तेथील अनेक तरुण शल्यविशारद त्यानंतर साधारण वर्षभराची ‘स्ट्रक्चरल हार्ट’ फेलोशिप पत्करतात. रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांऐवजी हृदयाच्या बांधणीतले, म्हणजे झडपांचे व पडद्यांचे दोष दूर करण्याची ही शाखा आहे.

असे का व्हावे, याचे उत्तर इतिहासात आहे. 1960 मध्ये अल्बर्ट स्टार आणि लॉवेल एडवर्ड्स यांच्या चेंडू-पिंजऱ्याच्या झडपेने नवे युग सुरू केले. पुढे चार दशके झडप बदलायची म्हणजे छाती उघडायची, हृदय थांबवायचे आणि रक्ताभिसरण यंत्रावर सोपवायचे, हाच मार्ग होता. 16 एप्रिल 2002 रोजी फ्रान्समधील रूआँ येथे अलां क्रिबिए यांनी 57 वर्षांच्या एका अत्यवस्थ रुग्णाच्या मांडीतील शिरेवाटे महाधमनीची नवी झडप हृदयात पोचवली. क्रिबिए हृदयरोगतज्ज्ञ होते, शल्यविशारद नव्हेत. अमेरिकेने 2011 मध्ये ही पद्धत, ज्यांना शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशांपुरती मान्य केली. 2019 मध्ये ती कमी धोक्याच्या रुग्णांनाही खुली झाली. आठ वर्षांत शल्यविशारदाच्या गिऱ्हाइकीचा मोठा भाग शेजारच्या दुकानात गेला, असे व्यापारी भाषेत म्हणता येईल.

गंमत अशी की, शेजारच्या दुकानातला काही माल मुळात याच दुकानातला होता. मिलानचे शल्यविशारद ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी गळक्या मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या मध्यभागी एका टाक्याने जोडण्याची युक्ती काढली होती. तोच टाका पुढे चिमट्याच्या रूपाने कॅथेटरवर बसला आणि 2013 मध्ये अमेरिकेत मान्यता पावला.

फेलोशिपमध्ये शिकायचे ते हेच परके वाटणारे काम. उघड्या छातीत शल्यविशारदाची बोटे झडपेला स्पर्श करतात, तिचा चुनखडीसारखा कडकपणा त्यांना कळतो. येथे हातात केवळ एक तार आणि समोर क्ष-किरणांचा करडा पडदा. टाके नाहीत. नवी झडप केवळ दाबाने जागी राहते, म्हणून माप आधीच सी.टी. स्कॅनवर घ्यावे लागते. माप लहान पडले तर कडेने रक्त गळते वा झडप निसटते, मोठे झाले तर मुळाचे कडेच फाटू शकते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे किती उंचीवर आहेत हेही पाहावे लागते, नाहीतर बाजूला सारलेली जुनी पाकळी त्यांवर झाकणासारखी बसते. फुग्याने उघडणारी झडप बसवताना हृदयाची गती काही क्षण मिनिटाला 180 च्या आसपास नेतात, जेणेकरून रक्ताचा झोत मंदावून झडप हलू नये. त्या काही सेकंदांत रुग्णाचा रक्तदाब कोसळलेला असतो. धीर धरायला तेथेच शिकावे लागते, पुस्तकात नव्हे.

रुग्णाच्या घरच्यांना याचे काय, असे कोणी विचारील. ज्याच्या हाती एकच विद्या, त्याचा सल्लाही बहुधा त्याच विद्येकडे झुकतो. त्यात जैन कुटुंबासमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो रुग्णालयात आयत्या वेळी कळणे बरे नव्हे. कॅथेटरने बसवल्या जाणाऱ्या प्रचलित झडपांच्या पाकळ्या गाय वा डुकराच्या हृदयावरणापासून बनवतात. यांत्रिक झडपेत तसे नसते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली आणि 1990 पासून वापरात आलेली चित्रा झडप याच प्रकारातली. मात्र यांत्रिक झडपेसाठी छाती उघडावी लागते आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ऐंशी वर्षांच्या आजोबांना हे झेपेल का, पन्नाशीच्या गृहस्थाने काय निवडावे, याचे उत्तर दोन्ही वाटा चाललेला वैद्यच तोलून देऊ शकतो.

अमेरिकेची मेडिकेअर योजनाही एकट्याच्या शब्दावर पैसे देत नाही. रुग्णाला शल्यविशारद व हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनीही तपासले असले पाहिजे, आणि प्रत्यक्ष प्रक्रियेत दोघांचाही हात असावा लागतो.

जुने कसब मात्र विसरून चालत नाही. प्राणिज पाकळ्या साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतात. काहींत जुन्या झडपेच्या आत नवी बसवता येते, पण सर्वांतच नाही. धातूची जाळी तोवर महाधमनीच्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते. ती कॅथेटरने काढता येत नाही. तेव्हा छाती पुन्हा उघडून, भिंत न फाडता ती जाळी तसूतसूने सोडवावी लागते.