बैलगाडी सेन्सरला दिसते का?

आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की पांढुर्णा-नागपूर रस्त्यावर दिवेलागणीनंतर गाडी चालवणं जोखमीचं होतं. संत्र्यांचे कॅरेट लादलेले ट्रक, मागचा दिवा नसलेली ट्रॉली आणि मध्येच वावरातून रस्त्यावर चढणारी बैलगाडी. सौंसरकडेही वेगळं चित्र नाही. चालकाविना धावणाऱ्या मोटारीला ही बैलगाडी दिसेल का?

दिसेल, पण प्रत्येक सेन्सरला वेगळी. रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतं. अंधार, धूळ, धुकं त्यांना फारसं अडवत नाही. मात्र लोखंडी ट्रकवरून जसा खणखणीत प्रतिध्वनी येतो, तसा लाकडी गाडीवरून येत नाही. शिवाय उभ्या वस्तू म्हणजे पाट्या नि पूल असणार, असं धरून अनेक रडार त्यांच्याकडे काणाडोळा करत आली आहेत. रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली तिथेच घात करते.

लायडार लेझरचे ठोके सोडतो. दीडशे मीटरवरच्या गाडीला धडकून ठोका परततो तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. अशा असंख्य ठोक्यांतून चाकं, जू, वशिंड असा आकार उभा राहतो. दाट धुक्यात मात्र हा प्रकाश विखुरतो.

खरी अडचण पुढेच आहे. दिसलं ते ओळखायचं कसं? युरोपातल्या आखीव रस्त्यांवर शिकलेला कॅमेरा इथे गांगरतो. म्हणूनच हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ मध्ये हैदराबाद-बंगळुरूच्या रस्त्यांवरची सुमारे १०,००० छायाचित्रं खुणा करून खुली केली. त्यात ऑटोरिक्षाला नि जनावरांना स्वतंत्र वर्ग आहे. पण पोळ्याची झूल पांघरलेला, शिंगं रंगवलेला बैल? दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात भरणाऱ्या गोटमार जत्रेतल्या गर्दीचं तर सोडूनच द्या.

नागपूरने २०२१ मध्ये धरलेली वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. 'आयरास्ते' प्रकल्पात महापालिकेच्या बसना धोक्याचा इशारा देणारे कॅमेरे बसवले गेले. स्टिअरिंग चालकाच्याच हाती, यंत्र फक्त सावध करतं. हेच उपकरण संत्र्याच्या ट्रकवर आधी यायला हवं.

तोवर एक स्वस्त उपाय हाताशी आहे. रेडियमची पट्टी आलेला प्रकाश आला तिकडेच परत पाठवते, मग तो हेडलाइटचा असो की लायडारचा. यंदा पोळ्याला शिंगं रंगवाल, तेव्हा गाडीच्या मागच्या फळीवर आणि ट्रॉलीवरही ती चिकटवून टाका.