मासुंदा तलावाकाठचे जुने ठाणे

ठाणे रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस थोडे चालत गेले की मासुंदा तलाव लागतो. ठाणेकरांच्या तोंडी त्याचे नाव 'तलावपाळी'. या तलावाच्या काठी कोपिनेश्वराचे मंदिर व संत योहान बाप्तिस्ता चर्च आहे, तर थोड्याच अंतरावर टेंभी नाक्याच्या परिसरात बेने इस्रायली बांधवांचे सिनेगॉग आहे. इतक्या लहानशा परिसरात तीन धर्मांची जुनी प्रार्थनास्थळे आजही नांदती आहेत, हे ठाण्याचे खरे वैभव होय.

ख्रिस्ती इतिहासात ठाण्याचे नाव पोर्तुगीजांच्याही आधीचे आहे. 1321 साली तोलेंतिनोचे थॉमस व त्यांचे तीन सहकारी येथे हुतात्मा झाले. आजचे चर्च मात्र पोर्तुगीज काळातील फ्रान्सिस्कन संघाच्या कार्याचा वारसा सांगते. 1737 साली मराठ्यांनी ठाणे जिंकले. पुढे 1760 मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी कोपिनेश्वर मंदिराची उभारणी केली. इंग्रजी अंमलात 1825 साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते सेंट जेम्स चर्चचे अर्पण झाले आणि 1879 साली 'शआर हाशामाईम' म्हणजे 'स्वर्गद्वार' हे सिनेगॉग उभे राहिले.

ठाण्याच्या किल्ल्याची कथा निराळी. पोर्तुगीजांनी त्याचे बांधकाम सुरू केले. ते पुरे होण्याआधीच तो मराठ्यांकडे आला व 1774 साली इंग्रजांनी घेतला. त्रिंबकजी डेंगळे 1816 मध्ये येथूनच निसटले. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी येथेच फाशी देण्यात आली. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. त्यामुळे सामान्य माणसाला हा किल्ला आतून पाहता येत नाही. पण बहुधा याच कारणाने त्याचा तट बिल्डरांच्या हाती लागला नाही!

घरांना असे संरक्षण नव्हते. जांभळी नाका, खारकर आळी या भागांतील लाकडी खांबांची, कौलारू छपरांची घरे एकामागून एक पडली व तेथे इमारती आल्या. राहणाऱ्यांना दोष देता येणार नाही. गळके छप्पर आणि वाढते कुटुंब यांपुढे वारशाची भाषा फिकी पडते. म्हणूनच, जी वास्तू एका कुटुंबाची नसून समाजाची आहे तिची जबाबदारी अधिक मोठी ठरते.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या भिंती दगड व चुन्याच्या आहेत. कोकणच्या पावसात त्या ओल शोषतात आणि पुढे उन्हाळ्यात चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून ती बाहेर सोडतात. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ती वर्ष-दोन वर्षे नवीकोरी दिसते. परंतु ओल आत कोंडते, क्षार साचतात, तुळयांची भिंतीत बसवलेली टोके कुजतात आणि शेवटी गिलावा पापुद्र्यांनी सुटून येताना जुन्या चुन्यालाही सोबत घेतो. हौसेने व भाविकांच्या देणगीतून केलेल्या डागडुजीनेच वास्तू खिळखिळी होते. ऑइल पेंटचाही परिणाम असाच. चुन्याचे काम मंद असते; चुना भिजवून मुरवावा लागतो, थर सावकाश वाळू द्यावा लागतो आणि ते जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात. सणापूर्वी रंगरंगोटी उरकण्याच्या घाईत ते बसत नाही. तेव्हा धर्मग्रामात दुरुस्तीचा विषय निघाल्यास रंगाची निवड करण्याआधी भिंत कशाची आहे आणि तिच्यात ओल कोठून येते, याची पाहणी जाणकार वास्तुतज्ज्ञाकडून करून घ्यावी.